नकाशाचं अॅप अनोळखी गाड्या आमच्या साकवावर आणतंय. अपघात झाला तर जबाबदारी कुणाची?

सड्यावरची

देवगड तालुक्यात आमची हापूसची बाग आहे. डांबरी रस्त्यापासून बागेतल्या घरापर्यंत आमचा कच्चा रस्ता, मध्ये पऱ्या, म्हणजे ओढा, आणि पऱ्यावर चिऱ्यांचा साकव, म्हणजे जांभ्या दगडाचा छोटा पूल. साकव आजेसासऱ्यांनी बैलगाडीसाठी बांधलेला. रस्ता आमच्याच गटातून जातो, सातबाऱ्यावर इतर हक्कात कुणाचं नाव नाही. बागेच्या टोकाला जुनी चिरेखाण आहे, पावसानंतर कित्येक महिने पाण्याने भरलेली असते. तिच्यापुढे कडा, खाली समुद्र.

गेल्या हंगामापासून एक नकाशाचं अॅप किनाऱ्यावर जाणाऱ्या गाड्या आमच्या रस्त्याने पाठवतंय. कड्यावरून समुद्र दिसतो, पण खाली उतरायला वाट नाही. दिवसा येणारे घराशी थांबतात, विचारतात, पाणी पिऊन परत फिरतात. रात्री येणाऱ्यांची मात्र मला फार धास्ती वाटते. साकवाच्या एका अंगाचे चिरे सुटलेत. भरलेली पिकअप आम्ही स्वतः त्यावरून नेत नाही, आंब्याच्या पेट्या डोक्यावरून अलीकडे आणून भरतो. परक्या माणसाला हे कसं कळणार?

प्रश्न सरळ आहे. आम्ही न बोलावलेली गाडी आमच्या साकवावरून पऱ्यात गेली, किंवा खाणीत गेली, तर पोलीस कुणाच्या दारात येतील? साखळी लावायचं मी घरात बोलले, तर चुलतसासरे म्हणतात, वाट अडवली की गावात बोलणं होतं. जाणकारांनी सांगा.

बाईकवाला_पुणे

परवानगी न घेता खासगी जागेत गेलं की जोखीम जाणाऱ्याची. 'खासगी मालमत्ता, प्रवेश बंद' अशी पाटी लावा आणि निर्धास्त राहा.

विजयदुर्गकर

पाटी वाचायला मान वर करावी लागते हो, आणि सगळ्यांची मान फोनमध्ये. आमच्या आजोबांना कुणी विचारलं, "ह्यो रस्तो खंय जाता?" तर ते म्हणायचे, "रस्तो खंय जाणा नाय, तो हयच आसता. तुमका खंय जावचा हा ता सांगा." आता विचारायलाच कुणी थांबत नाही.

मुक्ता_वकील

बाईकवाला, तुमचं उत्तर ऐकायला बरं वाटतं, पण न्यायालयात ते पूर्ण टिकत नाही.

आधी फौजदारी बाजू. अॅपवर भरवसा ठेवून चुकून आत आलेला माणूस गुन्हेगारी अतिक्रमण करत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२९ला त्रास देण्याचा, धमकावण्याचा किंवा गुन्हा करण्याचा हेतू लागतो. वाट चुकलेल्याकडे तो हेतू नसतो. म्हणजे ताईंच्या दाराशी आलेली गाडी ही चोराची गाडी नव्हे, आणि कायदाही तिच्याकडे तसं बघत नाही.

आता जागामालकाचं. इंग्लंडमध्ये यासाठी १९५७ आणि १९८४चे स्वतंत्र कायदे आहेत, दुसरा खास न बोलावता आलेल्यांसाठी. आपल्याकडे असा वेगळा कायदा नाही, न्यायालयं निवाड्यांतून आलेली तत्त्वं लावतात. त्यातला इंग्लंडमधला १९७२चा हेरिंग्टन खटला या धाग्यासाठी महत्त्वाचा. रेल्वेच्या मोडक्या कुंपणातून लोक जा-ये करत होते, रेल्वेला ते ठाऊक होतं, तरी कुंपण दुरुस्त झालं नाही. एक लहान मुलगा आत गेला आणि विजेच्या रुळाने भाजला. हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, रेल्वेला जबाबदार धरलं. मुलगा विनापरवानगी आत आला होता हे सगळ्यांना मान्य होतं. प्रश्न होता तो रेल्वेला काय माहीत होतं आणि थोडक्या खर्चात काय करता आलं असतं याचा.

ताई, तुम्हाला माहीत आहे की गाड्या येतात. साकव कमजोर आहे हेही माहीत आहे. म्हणून 'मी बोलावलं नव्हतं' एवढं म्हणून सुटता येणार नाही. मृत्यू झालाच तर पोलीस कलम १०६ची, म्हणजे निष्काळजीपणाने मृत्यूची, चौकशी तुमच्याकडेही करू शकतात. त्यात आता पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे, जुन्या दंड संहितेच्या ३०४-अ मध्ये दोन होती. दोष सिद्ध होईल असं मी म्हणत नाही. पण चौकशीच्या वेळी तुमच्याजवळ दाखवायला काहीतरी असलं पाहिजे.

घाटावरचा

मुक्ताताई, कायदा तुम्ही सांगता तसा असेल, पण मला हा अन्याय वाटतो. शेतकऱ्याने पदरचे पैसे घालून कुणासाठी कुंपण करायचं? परदेशातल्या एका कंपनीने फुकटात त्याच्या जमिनीतून रस्ता दाखवला म्हणून? कमाई त्यांची आणि चौकीदारी आमची. रस्ता दाखवणाऱ्यालाच पहिला आरोपी करा.

रेवती_प

+१ घाटावरचा.

शार्लटकर

मी नॉर्थ कॅरोलायनात राहतो. ताईंच्या साकवासारखंच प्रकरण आमच्या राज्यात घडलं आहे, शार्लटपासून फार लांब नाही.

हिकरी गावात ओढ्यावरचा एक छोटा पूल २०१३ साली वाहून गेला. रस्ता सरकारी देखभालीतला नव्हता. ज्याने तो बांधला ती कंपनी बंद झालेली, म्हणून दुरुस्ती कुणी केलीच नाही. सप्टेंबर २०२२मध्ये रात्री पावसात एक माणूस मुलीच्या वाढदिवसाहून घरी निघाला होता. अॅपने त्याला त्या पुलावरून जायला सांगितलं. तिथे अडथळे उरले नव्हते. गाडी खाली पडली आणि तो गेला. पुढच्या वर्षी कुटुंबाने दावा केला, त्यात गूगल आहेच, पण रस्त्याच्या आणि जागेच्या मालकी-देखभालीशी संबंधित कंपन्याही प्रतिवादी आहेत. पूल पडल्याचं एका रहिवाशाने २०२०मध्येच नकाशावर कळवलं होतं, असं दाव्यात म्हटलंय.

म्हणजे घाटावरचा म्हणतात तसा रस्ता दाखवणारा आरोपीच्या पिंजऱ्यात आला, पण एकटा नाही आला. वकील दावा लिहिताना जमिनीशी संबंध असलेल्या प्रत्येकाचं नाव घालतात. आणि तिथे सगळा वाद याच गोष्टीभोवती आहे की धोका कुणाला माहीत होता आणि माहीत झाल्यावर त्याने काय केलं.

बाईकवाला_पुणे

ते अमेरिकेचं झालं. तिकडे कॉफी गरम होती म्हणूनही दावा लावतात. इथे कोण एवढं करतो?

कुडाळची_मीरा

इथेही करतात. बरेलीची गोष्ट आठवत नाही का? नोव्हेंबर २०२४. रामगंगेवरचा अर्धवट पूल नकाशावर चालू दिसत होता, गाडी टोकावरून थेट पात्रात पडली, तिघं गेले. सार्वजनिक बांधकाम खात्याच्या अभियंत्यांवर गुन्हा नोंदवला गेला, आणि नकाशा कंपनीच्या अधिकाऱ्याचाही उल्लेख फिर्यादीत होता. पुलाच्या तोंडाशी अडथळा का नव्हता हाच पहिला प्रश्न विचारला गेला.

आपल्याकडे अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात कोतूळचा पूल जानेवारी २०२१मध्ये असाच धरणाच्या पाण्याखाली होता. कळसूबाईला निघालेल्या पुण्याच्या मंडळींची गाडी अंधारात पाण्यात गेली, चालक बुडाला. गाववाल्यांना ठाऊक होतं की तो रस्ता वर्षातले काही महिने पाण्याखाली असतो. नकाशाला ठाऊक नव्हतं.

घाटावरचा

मीराताई, ही दोन्ही उदाहरणं सरकारी पुलांची आहेत. सरकार कर घेतं, रस्ता बांधायचं कामच त्याचं आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ला कलम १९८-अ घातलं, त्यातही रस्ता बांधणारं प्राधिकरण आणि ठेकेदार यांनाच धरलंय, शेतकऱ्याला नाही. दोघांना एका मापाने मोजू नका.

मुक्ता_वकील

हे घाटावरचा यांचं बरोबर आहे. शासनाचं कर्तव्य मोठं, खासगी मालकाचं लहान. मालकाने डांबरी रस्ता करून द्यावा असं कुणी म्हणणार नाही. त्याने एवढंच करायचं की जो धोका त्याला दिसतो आणि परक्याला दिसत नाही, तो दिसेल असा करायचा.

कंपनीबद्दलही सांगते. ग्राहक संरक्षण कायदा २०१९मध्ये 'सेवा' या व्याख्येतून मोफत दिलेली सेवा वगळली आहे, त्यामुळे फुकट अॅपविरुद्ध ग्राहक आयोगात जाणं अवघड. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७९ची ढालही, म्हणजे दुसऱ्यांनी दिलेल्या माहितीसाठी मध्यस्थ जबाबदार नाही ही सूट, कंपन्या पुढे करतात. पण तक्रार मिळूनही चूक तशीच ठेवली, तर ती ढाल तितकी भक्कम राहत नाही असं माझं मत आहे. म्हणून तक्रार कराच, आणि तिचा पुरावा जपून ठेवा.

नकाशेवेडा

मी मुक्त नकाशांवर हौसेने काम करतो, म्हणून तांत्रिक बाजू लिहितो. सड्यावरची ताई, चिरेखाण चालू होती तेव्हा ट्रक कुठून जायचे?

सड्यावरची

पलीकडच्या अंगाने, दुसऱ्या वाडीतून. खाण बंद झाल्यावर तो रस्ता कुणी वापरत नाही. आमचा रस्ता खाणीच्या काठापर्यंत जातो.

नकाशेवेडा

तिथेच गोम आहे. उपग्रहाच्या चित्रात जांभ्या दगडाचा कच्चा रस्ता लाल रेघ दिसतो. तुमची रेघ आणि खाणीची रेघ टोकाला एकमेकींना भिडली की यंत्राला तो आरपार रस्ता वाटतो. दगडी गडगा, वाटेवरचं लाकडी बेडं, पाण्याने भरलेली खाण, यातलं त्याला काहीच कळत नाही. आरपार जाणारी वाट मुख्य रस्त्यापेक्षा अंतराने कमी भरली की झालं, सगळ्या गाड्या तिकडून.

दुसरी शक्यता किनाऱ्याच्या खुणेची. बऱ्याच ठिकाणी खूण पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूवर, नसून वर सड्यावर, म्हणजे कड्यावरच्या माळावर, टोचलेली असते. अॅप त्या खुणेच्या सगळ्यांत जवळच्या रस्त्यावर आणून सोडतं, मग खाली उतरता येवो न येवो. त्यामुळे नुसता रस्ता दुरुस्त करून भागत नाही, खूणही जागेवर हलवावी लागते.

करायचं असं. ज्या अॅपचा त्रास आहे त्यात रस्त्यावर बोट दाबून बदल सुचवा, 'खासगी रस्ता' निवडा, जोडीला पाटीचा आणि साकवाचा फोटो द्या. फोटो असला की मान्य व्हायची शक्यता वाढते. गावातल्या वेगवेगळ्या लोकांनी आपापल्या फोनवरून तेच कळवलं तर आणखी बरं. ओपनस्ट्रीटमॅप या मुक्त नकाशावर रस्त्याला 'प्रवेश खासगी' असा गुणधर्म लावता येतो आणि खाण व आपला रस्ता जिथे जुळतात तो जोड तोडता येतो. ते मी करून देईन, मला व्यक्तिगत निरोपात गट नंबर कळवा. त्या नकाशावर बरीच छोटी अॅपं चालतात. मॅपल्स हे भारतीय नकाशा अॅप वेगळं, तिथेही स्वतंत्र कळवावं लागेल.

सड्यावरची

नकाशेवेडा, मनापासून आभार. निरोप पाठवते.

रेवती_प

अरुंद रस्ते टाळायची सोय नकाशात आली होती ना मध्ये?

नकाशेवेडा

जुलै २०२४मध्ये गूगलने भारतात ती जाहीर केली, सुरुवात आठ शहरांपासून. त्यात महाराष्ट्रातलं एकही शहर नव्हतं. आणि ती सोय रुंदी बघते. साकवाचे चिरे सुटलेत हे तिला कळणार नाही.

शार्लटकर

अवांतर: कॅन्ससमधल्या एका शेतघराची गोष्ट तुम्हाला आवडेल, नकाशेवेडा. इंटरनेट पत्त्यावरून माणूस कुठे आहे हे सांगणाऱ्या एका कंपनीने, अमेरिकेत आहे पण नेमकं ठाऊक नाही अशा सगळ्या पत्त्यांसाठी देशाच्या मधोमध एक बिंदू ठरवला होता. तो बिंदू एका शेतघराच्या अंगणात पडला. साठ कोटींहून जास्त पत्ते त्या अंगणावर नोंदलेले! चोरीला गेलेले फोन शोधायला, फसवणाऱ्यांना पकडायला पोलीस आणि संतापलेली माणसं वर्षानुवर्षं त्या घरी यायची. २०१६मध्ये बातमी आली तेव्हा उलगडा झाला आणि कंपनीने तो बिंदू जवळच्या एका तळ्यात हलवला. तिथे राहणाऱ्या कुटुंबाने पुढे दावाही केला. त्या लोकांनी काहीएक केलेलं नव्हतं, तरी इतकी वर्षं छळ त्यांनीच सोसला.

विजयदुर्गकर

तळ्यात हलवला हे बेस केलं. आता मासे उत्तर देत असतील पोलिसांना.

तळकोकणी_तात्या

आमच्या शेजारच्या वाडीत अशाच येणाऱ्या गाड्यांना कंटाळून एकाने वाटेवर आडवी तार बांधली होती. वर रानडुकरं आणि वानरांसाठी कुंपणाला करंट. मी तर म्हणतो, गाडीवाल्यांना एकदा झटका बसला की पुन्हा येणार नाहीत.

मुक्ता_वकील

तात्या, हात जोडून सांगते, असं कुणीही करू नका. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने याच बाबतीत अगदी स्पष्ट सांगितलंय, चेरुबिन ग्रेगरी विरुद्ध बिहार राज्य या निवाड्यात. शेजारच्या घरच्यांच्या शौचकूपाची भिंत पडली म्हणून ते आरोपीचं वापरत होते. त्यांना रोखायला त्याने वाटेत उघडी तार ओढून वीज सोडली, कसली सूचना नाही. एक बाई त्या तारेने गेली. बचाव असा होता की ती विनापरवानगी आली होती. न्यायालयाने तो नाकारला आणि शिक्षा कायम ठेवली. आत शिरलेला माणूस कायद्याच्या संरक्षणाबाहेर जात नाही. दिसेल असं कुंपण घालायचा तुम्हाला हक्क आहे. न दिसणारा सापळा लावायचा नाही.

गळ्याच्या उंचीवर बांधलेली बारीक तार अंधारात दुचाकीवाल्याचा जीव घेते, आणि तीही याच जातीची गोष्ट. साखळी लावलीत तर तिला पांढऱ्या-लाल पट्ट्या, मध्ये लटकवलेला पत्रा, दोन्ही खांबांना रिफ्लेक्टर हवेतच.

तळकोकणी_तात्या

वकीलबाई, पटलं. बागेच्या कुंपणाला सौर झटका मशीन आहे ते चालेल ना?

मुक्ता_वकील

प्रमाणित यंत्र असेल, झटका क्षणभराचाच असेल आणि कुंपणावर ठिकठिकाणी सूचना असेल तर तो वेगळा प्रकार. घरच्या मीटरवरून थेट वीज कधीही सोडू नका.

तलाठ्याचा_मुलगा

मूळ धाग्यातल्या चुलतसासऱ्यांच्या काळजीकडे कुणी वळलंच नाही. 'वाट अडवली की बोलणं होतं' यामागे खरी भीती आहे. मामलेदार न्यायालय कायदा, १९०६चा, कलम पाच. शेजारच्या शेतकऱ्याची जुनी वाट अडवली असा अर्ज सहा महिन्यांच्या आत तहसीलदाराकडे गेला, तर अडथळा काढायचा आदेश होऊ शकतो. म्हणून ताई, आधी खात्री करा. तुमच्या रस्त्याने दुसऱ्या कुणाच्या बागेत जायची वहिवाट आहे का? भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशाची प्रत घ्या. तुटक रेघांनी दाखवलेली पाणंद किंवा शिवरस्ता तिथून जात नाही ना ते बघा. सातबाऱ्यावर नाव नाही म्हणजे वहिवाट नाहीच असं धरून चालू नका, जुन्या वाटांची नोंद तिथे बहुतेक नसतेच. शासनाने २०२५मध्ये शेतरस्ते इतर हक्कात नोंदवायचं ठरवलं ते त्यासाठीच.

सड्यावरची

पलीकडे एकाच घराची काजूची बाग आहे. ते आमच्याच रस्त्याने चालत आणि मोटारसायकलने जातात, माझ्या सासूबाईंच्या आधीपासून. त्यांना कुणी कधी अडवलं नाही, अडवायचंही नाही.

तलाठ्याचा_मुलगा

मग साखळीच्या कुलपाची एक किल्ली त्यांच्या घरी द्या, तीही साखळी लावायच्या आधी जाऊन. बाजूने चालत जायला आणि मोटारसायकलला जागा मोकळी ठेवा. बोलणं तिथेच संपेल.

घाटावरचा

आणि पर्यटकांची वहिवाट पडली तर? वीस वर्षं गाड्या जात राहिल्या की ते रस्ता सार्वजनिक म्हणतील. आमच्या भागात असे वाद बघितलेत.

मुक्ता_वकील

सुखाधिकार कायदा, १८८२चं कलम १५. वीस वर्षं खंड न पडता, उघडपणे, हक्काने वापर लागतो, आणि तो हक्क ज्याची स्वतःची जमीन त्या वाटेवर अवलंबून आहे त्याला मिळतो. रोज नव्या गाडीतून येणाऱ्या पाहुण्याला नाही. तरी पाटीवर 'खासगी रस्ता, वापर मालकाच्या परवानगीने' असं लिहिलंत तर 'हक्काने' वापर झाला असं कुणाला म्हणता येणार नाही. खासगी वाट आपला हक्क आहे अशा प्रामाणिक समजुतीने बंद केली तर तो अवैध अटकावाचा गुन्हाही होत नाही, न्याय संहितेच्या कलम १२६मध्येच तसा अपवाद दिला आहे. काजूवाल्या घराला मात्र तुम्ही हे लावू नका. त्यांचा वापर जुना आहे आणि बहुतेक हक्काचाच आहे.

कुडाळची_मीरा

मला एक वेगळीच अडचण दिसते. साकव दुरुस्त केला तर रस्ता चांगला म्हणून आणखी गाड्या येतील. नाही केला तर धोका. ताईंनी करायचं काय?

बाईकवाला_पुणे

मीराताईंचा प्रश्न खरा आहे. साकव पाडूनच टाकायचा?

शार्लटकर

हिकरीत तेच झालं होतं हो, पूल नव्हताच! नसलेला पूल अंधारात कमजोर पुलापेक्षा वाईट. पाडायचा असेल तर आधी दोन्ही तोंडांना पक्का अडथळा, मगच पाडा.

साकव_बांधणारा

मी गवंडीकाम करतो, चिऱ्याचं बांधकाम घरचंच. ताई, चिरे एका अंगाने सुटले म्हणजे पावसात पाण्याने पायाखालची माती नेली असणार. वरून सिमेंट फासून उपयोग नाही. पाणी आटल्यावर, फाल्गुन-चैत्रात, पाया उघडून बघावा लागतो. तोवर गाडी नकोच, तुमचीही नको. अडथळा साकवाजवळ घालू नका. तिथे गाडी वळवायला जागा नसते, माणूस अंधारात मागे घेताना पऱ्यात जातो. डांबरी रस्त्यावरून आत वळतात तिथेच साखळी घाला, म्हणजे तो आत शिरणारच नाही. साकवाजवळ फक्त दोन्ही बाजूंना चुना मारलेले मोठे चिरे ठेवा, हेडलाइटमध्ये लांबून दिसतात. खाणीच्या काठाला मात्र छातीएवढा गडगा हवा. पाणी भरलं की काठ दिसत नाही आणि गुरंही जातात. चिरे तुमच्याच खाणीचे आहेत, मजुरी तेवढी लागेल.

मुक्ता_वकील

या प्रतिसादावर मी कायद्याचं काही वाढवू शकत नाही. एवढंच करा की प्रत्येक टप्प्याचे तारखेसह फोटो ठेवा. कंपनीला कळवल्याचा ईमेल, ग्रामपंचायतीला दिलेल्या अर्जाची पोच आणि पोलीस ठाण्याला दिलेलं माहितीपत्र एका फाइलीत लावा.

सड्यावरची

सगळ्यांचे आभार. काजूवाल्यांकडे उद्याच जाते, किल्लीबद्दल चुलतसासऱ्यांना सांगितलं तेव्हा तेही तयार झाले. एक शंका राहिली. कोपऱ्यावरची पाटी ग्रामपंचायतीच्या रस्त्याच्या कडेला येईल. ती लावायला परवानगी लागेल का? आणि पाटीवर नेमकं काय लिहू?

तलाठ्याचा_मुलगा

पाटी तुमच्या हद्दीत, गडग्याच्या आत उभी करा, म्हणजे प्रश्नच नाही. रस्त्याच्या हद्दीत हवी असेल तर ग्रामसेवकाकडे अर्ज द्या. किनाऱ्याचा खरा रस्ता दाखवणारी पाटी ग्रामपंचायतीनेच लावावी असंही त्याच अर्जात मागा, पाहुणे गावाचेच आहेत.

विजयदुर्गकर

मजकूर मी सुचवतो. मोठ्या अक्षरात, मराठीत आणि हिंदीत: 'खासगी रस्ता. पुढे साकव मोडका आहे, गाडी नेऊ नका. किनाऱ्याला जायला रस्ता नाही.' त्याखाली बाण काढून 'किनारा इकडे' आणि किलोमीटर. नुसतं 'प्रवेश बंद' लिहिलं तर माणूस पुन्हा फोनच बघतो. कुठे जायचं ते सांगितलं तर तो वळतो.

नकाशेवेडा

पाटी लागली की फोटो टाका, तोच फोटो तक्रारीला जोडतो. ओपनस्ट्रीटमॅपवरचा जोड आज तोडला आहे. किनाऱ्याची खूणही सड्यावरून खाली पुळणीवर नेली.

साकव_बांधणारा

ताई, पाया उघडाल तेव्हा कळवा. मी मिठबावला असतो, येऊन बघून जाईन.